काट्यांचं फाटक

सौंसर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
वंदनाचा नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या शेजारच्या दोन खोल्या घरमालकाने माझ्यासाठी संक्रांतीपर्यंत अडवून ठेवल्या, हे वाचून जीव भांड्यात पडला. उतारवयात आपण दोघं एका भिंतीच्या अंतरावर राहू, याहून मला काही नको. पण आधी हे घर विकलं गेलं पाहिजे, आणि ते काही विकलं जायचं नाव घेत नाही.

घरात खोट नाही. चार वर्षं मी गौरवकडे इंदूरला होते, नातवाच्या मागे, तेव्हा भाडेकरूंनी बरं सांभाळलं. सप्टेंबरात परत आले तशी रंग दिला, मोरीच्या फरशा बदलल्या. पण घर पाहायला आलेला माणूस गाडीतून उतरला की त्याला माझं घर दिसत नाही. त्याला वामनजींचं अंगण दिसतं.

वामनजी तुला आठवत असतील. वीज खात्यात लाईनमन होते, खांबावरून पडले तेव्हापासून लंगडतात. त्यांच्या अनुराधाबाई रामाकोन्याच्या शाळेत शिकवायच्या. माझ्या यजमानांच्या तेरवीला सगळी पंगत त्या बाईने एकटीने सांभाळली होती. तेव्हा त्यांच्या अंगणात शेवंती असायची, रोज सकाळी सडा पडायचा. आता पाहशील तर ओळखणार नाहीस. कमरेइतकं गाजरगवत. त्यात सडका कूलर, मोडकी खाट, गंजलेले डबे. फाटकावर बोरीच्या काट्यांचे भारे रचलेले, तारेने बांधलेले. ओसरीच्या पायरीपर्यंत काटेच काटे. माणूस आत जाऊ नये म्हणूनच जणू कोणी रचले.

मागच्या रविवारी छिंदवाड्याचं एक कुटुंब आलं होतं. बाई गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून नवऱ्याला म्हणाली, "इथं मी एक दिवस राहणार नाही." आणि परवा त्या गवतातून घोणस निघाली, माझ्या तुळशीपाशी वेटोळं करून बसली होती. मी दोन तास पलंगावर पाय वर घेऊन बसले, मग कोणीतरी येऊन तिला काठीने हुसकलं. ती परत गेली कुठे? त्याच गवतात.

अनुराधाबाई कुठे म्हणून विचारलं, तर वामनजी म्हणाले, छिंदवाड्याला लेकीकडे. एवढंच. पूर्वी हा माणूस चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. आता बोलताना माझ्याकडे पाहतही नाहीत.

काय करू, सांग.

तुझी
वंदना

---

पांढुर्णा
२३ नोव्हेंबर

चि. वंदनास,
दत्तात्रयचा आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं तर आत्ताच बोललो असतो, पण जिनिंगच्या मशिनीनं चाळीस वर्षांत माझे कान खाऊन टाकले. मोबाईलमध्ये मले नुसती घरघर ऐकू येते, अन् त्या काचेवर बोटं चालत नाहीत. म्हणून आपलं कागद-पेनच बरं.

घोणशीचं वाचून जेवण गेलं नाही. बाहेर निघशील तर हाती काठी ठेवत जा, अन् चप्पल घातल्याशिवाय तुळशीपाशी जाऊ नको.

वामनजीले सरळ विचार. चांगल्या शब्दात. "मले घर विकायचं आहे, तुमचं अंगण साफ करून देते, मजुरी माझी." इतकं म्हटल्यावर कोणता शेजारी नाही म्हणते? लाजेकाजेनं तरी हो म्हणन. अनुराधाबाई लेकीकडे गेली तर माणूस एकटा पडला असन, हातपाय गाळून बसला असन. बायको नसली की आम्हा पुरुषांचं अंगण असंच होते बापा. तुझी वहिनी गेल्यावर माझ्या अंगणात काय काय उगवलं होतं, तुले माहीत आहे.

खोल्यांले पांढरा चुना लावाले सांगतो.

दत्तात्रय

---

सौंसर
२ डिसेंबर

ती. दादास,
नमस्कार.

हे पत्र मी दाराला कडी लावून लिहून राहिले.

काल भूपेंद्र नावाचे एक गृहस्थ आले, इथल्याच शाळेत गणित शिकवतात. सोबत बायको, प्रणाली. तिला सातवा महिना आहे. घर दोघांनाही आवडलं. स्वयंपाकघरात ती जास्त वेळ थांबली, ओट्यावर हात फिरवून पाहिला, तेव्हा मला वाटलं आता काम झालं. मग तिने खिडकी उघडली. ती खिडकी वामनजींच्या बाजूला उघडते.

ती एकदम मागे सरकली. म्हणाली, "काकू, तिथे कोणी बाई आहे."

मी म्हटलं, कोणी नाही, त्या घरात एकटे गृहस्थ राहतात.

"नाही काकू. गजाला तोंड लावून उभी होती. केस सुटे. माझ्याकडे पाहून हसली."

मी पाहिलं तेव्हा खिडकीत काही नव्हतं. भूपेंद्रजी समजूतदार, म्हणाले, १५ तारखेला वडिलांना घेऊन परत येतो, तोपर्यंत ते अंगण जरा नीट होतं का पाहा.

म्हणून तू सांगितलंस तशी मी संध्याकाळी गेले. वामनजी फाटकाशी काटे बांधत होते, हातात विळा. मी तुझंच वाक्य म्हटलं, मजुरी माझी. त्यांनी मान वर केली. दादा, त्या डोळ्यांत झोप नव्हती, कित्येक महिन्यांची नसावी.

"काट्याले हात लावायचा नाही," म्हणाले.

"अहो, पण साप निघून राहिले..."

"निघू द्या. काट्याले हात लावायचा नाही, सांगून ठेवतो वंदनाबाई." आणि विळा असा काही खाली आपटला की मी दोन पावलं मागे आले.

आता जे लिहिते ते कोणाला सांगू नको. मी दोन महिने मनाला समजावत होते की भास असेल. भरदुपारी, वामनजी बाजारात गेले की त्या घराचं दार कोणीतरी ठोठावतं. आतून. आधी हळू, मग जोरात, मग डोकं आपटावं तसा आवाज. ते परतले की थांबतं. आणि मागच्या मोरीवर मी रोज दोन ताटं पाहते. दोन, दादा.

अनुराधाबाई छिंदवाड्याला नाहीत असं मला वाटून राहिलं. पण कोंडलेल्या असतील तर हसतात कशाला?

वंदना

---

पांढुर्णा
६ डिसेंबर

चि. वंदनास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू त्या माणसाच्या फाटकाशी पुन्हा एकटी जाऊ नको. विळा घेऊन बोलणाऱ्याचा भरवसा नाही. रात्रीच नाही, दिवसाही कडी लावत जा.

मी काल दिवसभर विचार केला. पोलिसांत जाशील तर ते विचारतील, पाहिलं कोणी? तर तू म्हणशील, एका पोटुशी बाईनं खिडकीतून. ते हसतील, अन् वामनजी तुझ्यावर डूक धरन. दुसरा रस्ता सुचते. पेन्शन घ्याले तो बँकेत जातच असन. त्या दिवशी दोन माणसं लावून अंगण साफ करून टाक. सगळं, काट्यांसकट. तुझं घर दिसन चांगलं, अन् त्याचं घर रस्त्यावरून उघडं पडन. आत कोणी कोंडलेलं असन तर येणाऱ्या-जाणाऱ्या दहा लोकांले दिसन. मग तुले एकटीले काही बोला लागणार नाही. झाल्यावर तो ओरडन, ओरडू दे. कापलेलं गवत काही परत चिकटत नाही.

भीती मलेही वाटते. पण भिऊन बसशील तर संक्रांत निघून जाईन.

दत्तात्रय

---

सौंसर
१२ डिसेंबर, दुपार

ती. दादास,

झालं एकदाचं.

वामनजी साडेदहाला बँकेत गेले. मजुरी करणाऱ्या राजूला मी आधीच सांगून ठेवलं होतं, तो आणि त्याचा भाऊ विळे-कुदळ घेऊन आले. दीड तासात सगळं मोकळं. काट्यांचे भारे मागच्या नाल्यात टाकले, कूलर आणि खाट भिंतीकडेला उभी केली. घोणस दिसली नाही, देवाची कृपा.

एक विचित्र गोष्ट. काट्यांच्या आत, पायरीपासून फाटकापर्यंत, गुडघ्याइतक्या उंचीवर सुतळी बांधलेली होती, आणि त्या सुतळीला घुंगरं. बैलाच्या गळ्यातली असतात तशी. पंधरा-वीस तरी असतील. राजूचा विळा लागला आणि सगळी एकदम वाजली, तेव्हा तो विळा टाकून मागे पळाला. म्हणाला, "बाई, हे काहीतरी करणीचं आहे, मी हात नाही लावत." शेवटी मीच तोडलं.

ओसरीचं दार नुसतं लोटलेलं होतं. राजू म्हणाला, आत पाहू का? मी म्हटलं, नको. दादा, मला भीती वाटली. आत काय असेल ते पाहायची माझ्यात ताकद नव्हती. तू म्हणालास तसं दहा लोकांना दिसेल, असं मनाशी म्हणून मी त्यांना चहा देऊन पाठवलं आणि घरात आले.

अंगण आता लख्ख दिसतं. पंधराला भूपेंद्रजी येतील. पाऊण वाजला, चौकातल्या डब्यात हे टाकून येते.

वंदना

---

सौंसर
१३ डिसेंबर

दादा,

अनुराधाबाई घरातच होत्या. त्या कालपासून सापडत नाहीत.

वामनजी अडीचला आले. फाटकाशी उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो तुला ऐकू येत नाही तेच बरं. मी धावत बाहेर गेले. ते घरात, मोरीवर, मागे, पुन्हा घरात, तो पाय ओढत. "अनू, अनू." मग ओसरीवर बसले आणि मला सांगितलं.

दोन वर्षांपासून अनुराधाबाईंना काही आठवत नाही. पोरगी ओळखू येत नाही, वेळ कळत नाही. सकाळी उठतात आणि म्हणतात, शाळेला उशीर झाला, बस जाईल. असेल त्या कपड्यावर निघतात. एकदा नुसत्या परकरावर चौकात गेल्या, पोट्ट्यांनी मोबाईलवर काढलं आणि गावभर फिरवलं. तेव्हापासून वामनजींनी सांगून टाकलं की लेकीकडे पाठवलं. बाजारात जाताना दाराला कुलूप लावलं की त्या डोकं आपटून घ्यायच्या. म्हणून आठ दिवसांपासून कुलूप लावणं सोडलं, दार नुसतं लोटायचं, आणि बाहेर काटे होतेच. ओसरीवर उन्हात बसता येईल पण पायरी उतरता येणार नाही. घुंगरं एवढ्यासाठी, की उतरल्याच तर वामनजींना ऐकू जावं.

मी तिथे उभी राहून हे सगळं ऐकलं.

कोणीतरी पोलिसांना बोलावलं. शिपायाने विचारलं, हे कोणी कापलं? वामनजी म्हणाले, "ढोरं घुसली असतील." जमिनीतून उभे खुंट दिसत होते, विळ्याने सरळ कापलेले. त्यांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

वामनजी रामाकोन्याला गेले आहेत, शाळेत शोधायला. रात्रभर थंडी होती. अनुराधाबाईंच्या अंगावर स्वेटर नव्हता, तो ओसरीच्या खुंटीला आहे. मी स्वयंपाकघराची खिडकी बंद केली आहे, पण स्वेटर दिसतोच.

मी काय केलं, दादा?

---

पांढुर्णा
१६ डिसेंबर

वंदे,

तुझी दोन पत्रं आज एकदम आली. पहिलं आधी उघडलं अन् हसलो. मनात म्हटलं, बहीण माझी वाघीण निघाली. मग दुसरं उघडलं. पोस्टमन अजून दारातच होता, त्यानं मले हाताला धरून खाली बसवलं.

हे माझं पाप आहे. तू विचारलं, मी सांगितलं.

पण आता ऐक. कोणाले काही बोलू नको. शिपायाले नाही, वामनजीले नाही. राजूले भेटून सांग, तोंड बंद ठेव. बाई सापडली नाही तर, अन् त्याहून वाईट काही झालं तर, हे तुझ्यावर येईन. या वयात तुले कोर्टाच्या पायऱ्या चढा लागतील. तो ढोरं म्हणाला ना, तर ढोरंच. मी म्हातारा माणूस, इथं बसून मले तुझा आवाज ऐकू येत नाही, पोस्टमनची सायकल दिसली की उठून दारात येतो. लवकर लिही. एक ओळ लिही.

अन् अनुराधाबाईसाठी मी गणपतीपुढे बसलो आहो.

दत्तात्रय

---

सौंसर
२० डिसेंबर

ती. दादास,

जिवंत सापडल्या. आधी हे वाच, मग पुढचं.

सगळे त्यांना रामाकोन्याकडे शोधत होते आणि त्या उलट्या दिशेने गेल्या होत्या, बोरगावच्या रस्त्याने. चौदा तारखेला दुपारी एका संत्र्याच्या बागेतून फोन आला. भैय्याजी म्हणून बागवाले आहेत, त्यांच्याकडे तोडाई चालू होती. आदल्या दिवशी सकाळी तोडाईच्या बायकांना त्या झाडाखाली सापडल्या, एका पायात चप्पल, दुसरा पाय काट्यांनी फाटलेला. पहिली रात्र त्यांनी कुठे काढली ते कोणालाच माहीत नाही. बायकांनी चादर पांघरली, शेकोटीशी बसवलं, भाकर दिली. नाव विचारलं तर म्हणाल्या, "बाई म्हणा. तुमची मुलं शाळेत का येत नाहीत?" आणि संत्र्यांच्या क्रेटांपुढे उभं राहून हजेरी घेत होत्या म्हणे. बायका हसल्या, पण कोणी टिंगल केली नाही. भैय्याजींच्या सुनेने मोबाईलवर फोटो फिरवला, तेव्हा कळलं.

फुप्फुसात थंडी भरली होती. पाच दिवस दवाखान्यात होत्या, काल घरी आणलं.

तुझं पत्र मला अठराला मिळालं. वाचलं आणि तुझं म्हणणं पटलं, खोटं कशाला सांगू. राजूकडे जायला निघालेही. चौकापर्यंत गेले. मग पाय दवाखान्याकडे वळले.

वामनजी बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर डबा, उघडलेला नव्हता. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "ढोरं नव्हती. मी कापलं. राजूला लावून."

ते म्हणाले, "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. राजू संध्याकाळी येऊन रडला माझ्यापाशी."

मी विचारलं, मग शिपायाला सांगितलं का नाही. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर त्यानं मले विचारलं असतं, बाईले काट्यात कोंडून काऊन ठेवलं? काय सांगू? पोरीले, चंचलले, कळलं असतं. ती दोन वर्षं झाली म्हणून राहिली, आईले नागपूरच्या त्या संस्थेत टाकू. मी तिले म्हणत होतो, बरी आहे तुझी आई, सुधारून राहिली. घरी येऊ द्यायचो नाही. तुम्ही मले भेत होत्या, वंदनाबाई. मी सगळ्यांलेच भेत होतो."

मी खाली बसले, फरशीवरच. म्हटलं, माफ करा म्हणायची माझी लायकी नाही.

"राग आला होता," ते म्हणाले. "त्या रात्री तुमच्या दारापर्यंत आलो होतो. विळा होता हातात. खरं सांगून राहिलो. मग वाटलं, अनू तेवढ्यात घरी परत आली तर? अन् मी परत गेलो, ओसरीवर बसलो."

दादा, त्या रात्री मी कडी लावायला विसरले होते.

तेवढ्यात नर्सने बोलावलं. ते उठले, दोन पावलं जाऊन थांबले आणि डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा गरम करून आणाल का? ती उठली की तिले चारतो."

मी आणला. आणि काल-आजही डबा मीच नेला.

वंदना

---

पांढुर्णा
२४ डिसेंबर

वंदे,

माझं सोळा तारखेचं पत्र चुलीत टाक. ते मी लिहिलं नाही, माझ्या भीतीनं लिहिलं. तू माझं ऐकलं नाही हे लय चांगलं केलं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं नाही, अन् बरोबर वेळेवर.

सोबत वामनजीच्या नावाची चिठ्ठी आहे. ती सल्ला देणारी अक्कल माझी होती, हे त्यात लिहिलं आहे. वाचून दाखवू नको, त्याच्या हाती दे.

घराचं काय? भूपेंद्रजी पंधराले आले होते का? खोल्यांचा मालक विचारून राहिला. मी त्याले म्हटलं, होळीपर्यंत थांब, तो हो म्हणाला. पण तुले सध्या घर विकायचं मन नसन तर तसंही लिही. मी रागावणार नाही. वाट पाहीन.

दत्तात्रय

---

सौंसर
२७ जानेवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार.

उशीर झाला, पण आता सगळं सांगता येईल असं झालं आहे.

तुझी चिठ्ठी वामनजींना दिली. त्यांनी घडी करून खिशात ठेवली. तीन दिवसांनी विचारलं, "तुमचे दादा चहा कोणता घेतात, साखरेचा की बिनसाखरेचा?" म्हणजे तू कधी आलास तर.

पंधराला मीच भूपेंद्रजींना येऊ नका म्हणून कळवलं होतं. जानेवारीत त्यांचा फोन आला. त्यांनी विचारलं, अंगण झालं का साफ? हो म्हटलं. शेजारी कसे आहेत? "शांत आहेत" हे शब्द ओठावर आले होते. दोन शब्दांत घर विकलं गेलं असतं. पण प्रणाली इथे बाळ घेऊन राहणार, आणि एक दिवस ती खिडकी उघडणार. मी म्हटलं, तुम्ही दोघं या, शेजार दाखवते.

आले. मी त्यांना आधी वामनजींकडे नेलं. अनुराधाबाई ओसरीवर उन्हात बसल्या होत्या, वेणी मी घातलेली. प्रणाली पायरीशी थबकली. तिने चेहरा ओळखला. मी सगळं सांगितलं, माझं केलेलंसुद्धा. भूपेंद्रजी जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं, गेलं हे घर.

अनुराधाबाईंनी प्रणालीच्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "कितवीत?"

प्रणाली म्हणाली, "अजून नाव घातलं नाही, बाई."

"जूनमध्ये घाला. जागा ठेवते."

प्रणाली पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. परत जाताना नवऱ्याला म्हणाली, "मला भुताची भीती वाटली होती. माणसाची वाटत नाही." तरी घरी जाऊन त्यांनी आठ दिवस घेतले, ते बरोबरच आहे. काल होकार आला. कागद फाल्गुनात होतील. होळीला मी तुझ्याकडे असेन.

चंचल येऊन गेली. बापाशी भांडली, आईपाशी रडली, आणि शेवटी संस्थेचं नाव निघालं नाही. एक बाई दिवसभरासाठी ठेवली आहे. फाटक नवीन केलं, लाकडी, उंच, कडी बाहेरच्या बाजूने. काटे गेले. अंगणात अजून काही लावलं नाही, नुसती माती आहे, पण झाडलेली. माझ्या घरासमोरून पाहिलं तर वाईट दिसत नाही. मला आता तसं पाहायची लाज वाटते, हे वेगळं.

दिवस ठीक जातात, पण भीती गेली असं समजू नको. दहा वाजले की अनुराधाबाईंची शाळा भरते. अडवलं की आक्रस्ताळेपणा करतात, म्हणून मी त्यांना घेऊन निघते. चौकापर्यंत जायचं, बसस्टँडकडे पाहायचं, "बस गेली वाटतं" म्हणायचं आणि परत यायचं. सगळ्या रस्त्याने मी त्यांचं मनगट धरून असते. समोरून ट्रक आला की त्यांना घेऊन कडेला उभी राहते. मी होळीला गेल्यावर हे त्या नव्या बाईला जमेल का, या विचाराने पहाटे जाग येते. आणि दादा, कधी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही तेव्हा मी घरात एकटी उभी राहून आपलं पूर्ण नाव मोठ्याने म्हणून पाहते.

काल चौकात गर्दी होती, बाजाराचा दिवस. भाजीच्या गाडीपाशी त्यांनी हात सोडवून घेतला. एका क्षणात. मला त्यांची साडी दिसेना. किती वेळ गेला सांगता येत नाही, मी कोणाकोणाला ढकलत होते. तेवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

त्याच होत्या. मला आपल्या बाजूला ओढून म्हणाल्या, "गर्दीत हात सोडू नये. हरवली असतीस ना."

आणि मला घरापर्यंत घेऊन आल्या.

तुझी
वंदना